निर्धूर चूल : बसवणी आणि निगा

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी तुमच्याशी कपाशीवरची कीड, हरभऱ्याचं बियाणं, खताची मात्रा असल्या विषयांवर बोलतो. आज चुलीवर बोलणार आहे. आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या साहेबाला चुलीशी काय करायचं? पण बघा, पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या हे सगळं जळण शेतातून आणि गोठ्यातूनच येतं. चुलीतली राख परत शेतातच जाते. आणि बहुतेक घरांत चुलीपासून पंधरा-वीस पावलांवर वर्षाचा कडबा रचलेला असतो. तेव्हा चूल शेतीच्या बाहेरची नाही.

कोणी म्हणेल, अहो, आता घरोघर गॅस आला. खरं आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोहोचले. पण मी गावोगाव फिरतो तेव्हा दिसतं ते असं, की चहा आणि भाजी गॅसवर, तर आंघोळीचं पाणी, भाकरी आणि गुरांचं आंबोण चुलीवर. सिलिंडर संपला आणि त्या दिवशी हातात पैसा नसला, की सगळाच स्वयंपाक चुलीवर. चूल काही घरातून गेलेली नाही. आहे तर ती नीट असावी, एवढंच माझं म्हणणं.

धुराचं नुकसान मी फार सांगत बसत नाही, घरच्या बाईला ते ठाऊक आहे. नुसते डोळे चुरचुरतात एवढ्यावर ते थांबत नाही. वर्षानुवर्षं धूर छातीत गेला की जुनाट खोकला आणि श्वासाचा विकार जडतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो, आणि आईजवळ चुलीशी बसणाऱ्या तान्ह्या लेकरांना न्यूमोनिया होण्याचा संभव वाढतो. पुरुषमंडळी ओसरीवर असतात, त्यांना हे कमी जाणवतं. म्हणून आज त्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावं.

धूर नळीवाटे बाहेर काढणारी चूल ही नवी गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. त्या वेळच्या चुलींच्या खुणा जुन्या घरांत अजून दिसतात. भिंतीला काजळलेलं भोक आहे, पण नळीही नाही आणि चूलही नाही. विचारलं की उत्तरं दोनच मिळतात. एक, नळी तुंबली आणि धूर घरात येऊ लागला. दुसरं, भाकरी नीट होईना.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. चूक माझ्या हातूनही झालेली आहे, ती सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गावात आम्ही प्रात्यक्षिक म्हणून नळीची चूल बसवली. नळी भिंतीतून बाहेर काढली आणि पत्र्याच्या वळचणीखालीच सोडून दिली. वर नेण्याइतकी नळी आमच्याजवळ नव्हती. पंधरा दिवसांनी फोटो काढायला गेलो, तर आजीबाई जुन्याच चुलीवर भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "आजी, नवी चूल का नाही पेटवली?" त्या म्हणाल्या, "सायेब, धूर बाहीर जाते न् वसरीतून पलटून आतच येते. मंग तुमच्या नळीनं केलं काय?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय चुलीचं तोंड आम्ही इतकं अरुंद ठेवलं होतं की तव्यावरची भाकरी निखाऱ्याशी उभी करून फुगवायला जागाच नव्हती. आम्ही त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की जी बाई त्या चुलीपुढे बसणार तिला विचारल्याशिवाय मातीला हात लावू नये. तवा केवढा, पातेलं केवढं, ती बसून करते की उभ्याने, भाकरी कुठे फुगवते, हे सगळं विचारून घ्यावं. नळीच्या चुलीत भांडं टेकायला तीन उंचवटे ठेवत नाहीत, भांडं तोंडावर घट्ट बसावं लागतं. फट राहिली तर नळी चुलीतला धूर ओढण्याऐवजी फटीतली हवा ओढते. म्हणून रोजच्या वापरातलं भांडं समोर ठेवूनच तोंड घ्यावं. मागच्या वैलावर काही ठेवायचं नसेल तेव्हा त्यावर पाण्याचं भांडं नाहीतर झाकण ठेवावं. उघडं टाकलं तर धूर तिथूनच वर येईल.

आता जागा. चूल बाहेरच्या भिंतीला लागून असावी, म्हणजे नळी सरळ निघते. दाराचा वारा थेट चुलीच्या तोंडावर येऊ नये. चुलीच्या वर माळा, उतरंड किंवा सरपण नसावं. ओलं लाकूड सुकावं म्हणून चुलीवर टांगण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मोडावी. धान्याची कणगी, पोती, रॉकेलचा डबा, फवारणीची औषधं यांपैकी काहीही चुलीच्या खोलीत नको. फवारणीचं औषध तर कोणत्याच खोलीत नको, पण तो विषय वेगळा.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असेल तर त्याचा विचार नीट करा. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि आपली चूल कुठे असते? जमिनीवरच. म्हणजे गळलेला गॅस आपण होऊन विस्तवापाशी चालत येतो. तेव्हा चूल पडवीत किंवा वेगळ्या सपरात न्यावी. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेचं बटण चालू-बंद काहीही करू नये, बाहेर यावं आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावं.

मातीचं मला थोडं अधिक सांगू द्या, तो आमचा विषय आहे. नुसती काळी माती घेतली तर ती आखडते आणि चुलीला भेगा पडतात. भेगा म्हणजे धुराला वाट. चिकण तांबडी किंवा पांढरी माती मिळाली तर उत्तम, नसेल तर काळ्या मातीत वाळू मिसळावी. त्यात शेण आणि बारीक भुसा किंवा कुटार घालून रात्रभर भिजत ठेवावं आणि सकाळी पायांनी तुडवावं. प्रमाण किती, असं लोक विचारतात. प्रत्येक शिवाराची माती वेगळी, म्हणून प्रमाण पाठ करू नका, परीक्षा करा. लाडवाएवढे चार-पाच गोळे निरनिराळ्या प्रमाणात करून सावलीत वाळवा. भेगाळला तर वाळू वाढवा, बोटाने भुगा झाला तर माती वाढवा. जो गोळा भेग न पडता टणक झाला, त्याच मिश्रणाची चूल घाला. याला मातीपरीक्षण म्हणायला माझी हरकत नाही.

आता नळी. आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. नळी तीन ते चार इंच व्यासाची असावी. चुलीलगतचा भाग भाजलेल्या मातीच्या खापरी नळीचा किंवा विटा-मातीचा करावा, कारण तिथे आच जास्त असते. वर पत्र्याची नळी चालते. बोअरवेलचा किंवा ठिबकचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप कधीही लावू नये. हे सांगायला नको होतं, पण मी तो लावलेला पाहिला आहे. त्या जुन्या कार्यक्रमातली सिमेंटची नळी तुमच्याकडे पडलेली असेल तर तिच्यात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. ती कापू नये, घासू नये, फोडू नये, तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. सिमेंटच्या पत्र्यालाही भोक पाडू नये. अशा घरात नळी भिंतीतूनच काढावी.

नळीला वाकणं जितकी कमी तितकं बरं. भिंतीतून काढताना ती आडवी न ठेवता वर चढती ठेवावी. बाहेर जिथे ती उभी होते तिथे खाली एक झाकणाचं तोंड ठेवावं, म्हणजे पडलेली काजळी तिथून काढता येते. आमच्या बऱ्याच चुली या एका झाकणापायी फुकट गेल्या.

नळी छपरातून वर काढायची असेल तर छप्पर कशाचं आहे ते पाहावं लागतं. पत्रा किंवा कौलं असली तरी खाली वासे लाकडाचेच असतात. पत्र्याची उघडी नळी लाकडापासून निदान दीड फूट दूर पाहिजे. लाकूड एका दिवसात पेटत नाही. रोजच्या आचेने ते आतून वाळत जातं, काळं पडतं आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री धुमसायला लागतं. तोवर आपण म्हणत असतो, इतकी वर्षं काही झालं नाही. नळी आणि पत्रा यांमधली फट पत्र्याच्या कॉलरने झाकावी. तिथे डांबर, प्लॅस्टिक किंवा चिंध्या कोंबू नयेत.

गवताचं किंवा पाल्याचं छप्पर असेल तर माझं स्पष्ट मत आहे, की नळी त्यातून काढूच नये. भिंतीतून बाहेर घेऊन वळचणीपासून दूर उभी करावी. त्याहून चांगलं म्हणजे चुलीपुरतं पत्र्याचं वेगळं सपर करावं. बाहेरची नळी थंड राहते आणि तिच्यात काजळी जास्त धरते हे खरं, म्हणून ती जास्त वेळा साफ करावी लागते. घर जळण्यापेक्षा ते परवडलं.

उंचीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. नळी छपरातून जिथे बाहेर येते तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे आढं, भिंत किंवा झाड असेल त्यापेक्षा दोन फूट उंच. यापेक्षा आखूड ठेवली की वारा धूर खाली दाबतो. आमची फजिती तशीच झाली होती. वर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवावी, पण टोपी आणि नळी यांत चार बोटं मोकळी ठेवावीत. ठिणग्या अडवायला जाळी लावायची तर जाड भोकांची लावावी, बारीक जाळी काजळीने लवकर बुजते.

चूल घालून झाली की लगेच पेटवू नये. दहा-पंधरा दिवस सावलीत सुकू द्यावी, मग दोन-तीन दिवस थोड्या काटक्यांचा जाळ करावा आणि पडलेल्या भेगा लिंपून घ्याव्यात. नळी ओढते की नाही हे पाहायला मूठभर पाचोळा जाळून नळी गरम करावी आणि मग पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. धूर आत गेला तर नळी बरोबर, बाहेर आला तर कुठेतरी अडलं आहे. ही परीक्षा महिन्यातून एकदा करायला हरकत नाही, उदबत्ती घरात असतेच.

आता निगा. राख रोज काढावी. वैलाकडे जाणारी वाट आठवड्यातून एकदा हात घालून मोकळी करावी. नळी निदान महिन्यातून एकदा साफ करावी, जळण ओलसर असेल तर पंधरा दिवसांनी. साधन घरचंच. लांब दोरीच्या मध्ये नारळाच्या शेंड्यांचा किंवा पोत्याचा घट्ट बोळा बांधावा, एका टोकाला दगड बांधावा, वरून सोडून दोघांनी वरखाली ओढावा. चूल आदल्या रात्रीपासून थंड पाहिजे. नाकातोंडावर फडकं बांधावं आणि खाली शिडी धरायला एक माणूस असावा. हे काम घरातल्या पुरुषाने करावं असं मी सांगतो. स्वयंपाक बाईने करायचा, लिंपायचं तिने, आणि छपरावरही तिनेच चढायचं का?

काजळी साचू दिली तर नळीच्या आत आग लागू शकते. ओल्या लाकडाचा धूर थंड नळीत डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या मोठ्या जाळाला पेट घेतो. नळीतून घोंघावणारा आवाज येतो, वरून ठिणग्या उडतात, पत्रा लाल होतो. असं झालं तर पोराबाळांना बाहेर काढावं. चुलीचं तोंड आणि वैल ओल्या मातीने किंवा पत्र्याने बंद करावेत, म्हणजे हवा तुटते. तापलेल्या नळीवर पाणी मारू नये, ती तडकते. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या छपरावर.

म्हणून जळण वाळलेलंच पाहिजे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाणीच असू शकतं. तेवढं पाणी आटवायलाच जाळ खर्ची पडतो आणि बाकीचा धूर होतो. लाकूड मनगटाएवढं फोडून एक उन्हाळाभर वाऱ्यावर ठेवावं. दोन लाकडं एकमेकांवर आपटावीत. खणखणीत आवाज आला तर वाळलं, बद्द आवाज आला तर अजून ओलं आहे. कण्हेरीचं लाकूड जाळू नये, तिचा धूर विषारी असतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लॅस्टिक आणि कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या चुलीत घालू नयेत. पेटवायला रॉकेल ओतू नये.

पऱ्हाटीबद्दल एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वेचणी संपली की पऱ्हाटीचे ढीग घरामागे पावसाळ्यापर्यंत पडून असतात. त्यातल्या नख्यांत आणि किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. आपण जळण साठवतो असं वाटतं, प्रत्यक्षात बोंडअळीचं बियाणं साठवतो. तेव्हा नख्या आणि बोंडं आधी तोडून नष्ट करावीत आणि उरलेली पऱ्हाटी पावसाळ्याआधी जाळून संपवावी. ढीग घरापासून दूर असावा, चुलीजवळ एका दिवसापुरतंच जळण आणावं.

राखेचं मात्र नीट ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या भागातल्या एका गावात चैत्र महिन्यात आग लागली. घरच्या बाईने सकाळी चूल झाडून राख उकिरड्यावर टाकली होती. दुपारी वारा सुटला. उकिरड्याला लागून कडब्याची गंजी होती, गंजीला लागून गोठा. बैल सुटले, पण एक कालवड दाव्याला बांधलेली होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी मी तिथे होतो. ती बाई सारखं एकच सांगत होती, "म्या हात लावून पायलं व्हतं, राख थंडगार व्हती." ती खोटं बोलत नव्हती. राख वरून थंडच असते. आतला निखारा राखेच्या पांघरुणाखाली एक-दोन दिवससुद्धा जिवंत राहतो. म्हणून राख झाकणाच्या जुन्या घमेल्यात किंवा पत्र्याच्या डब्यात काढावी, डबा विटांवर, लाकडापासून आणि कडब्यापासून दूर ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनीच ओतावा. घाई असेल तर पाणी घालून काठीने ढवळावं.

थंडीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत घेऊन झोपू नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. असं कोणी आढळलं तर आधी दारं उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावं, मग १०८ ला फोन करावा.

आणि भाजलं तर? कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावं, वरून घोंगडी टाकावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी वाहतं ठेवावं. बर्फ नको, हळद, शेण, टूथपेस्ट, शाई काहीही नको. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. चिकटलेलं कापड ओढू नये. लहान मूल असेल किंवा तोंड, हात भाजले असतील तर दवाखान्यात न्यावंच. रांगत्या मुलाच्या घरी चुलीभोवती दोन-अडीच फुटांवर विटांचा कठडा घालावा, त्याला खर्च येत नाही.

जाता जाता राखेचा उपयोग. लाकडाच्या राखेत पालाश असतं, म्हणून थंड झालेली राख चाळून परसातल्या वांगी-मिरचीला थोडी थोडी द्यायला हरकत नाही. चोपण किंवा खारवट जमिनीत मात्र घालू नये. आणि युरियात मिसळून तर कधीच टाकू नये. राखेमुळे युरियातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो, आणि पोत्याचे पैसे धुरासारखेच जातात. दोन्ही द्यायची असतील तर मध्ये पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवावं.